शाई लोणच्यासारखी मुरत नाही

आमची नौपाड्यातली इमारत पुनर्विकासाला गेली आणि माळा रिकामा करायची वेळ आली. जुन्या ठाण्यातल्या माळ्यांवर काय निघतं ते ठाणेकरांना सांगायला नको. घंगाळ निघालं, चिमणी फुटलेला कंदील निघाला, दिवाळी अंकांची चळत निघाली. आणि सगळ्यांच्या मागे पत्र्याचा एक बिस्किटांचा डबा. त्यात वर्तमानपत्राच्या कागदात एकेक गुंडाळलेल्या शाईच्या बाटल्या. मोजल्या तर २२.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कोर्ट नाक्याजवळ अर्जनवीस होते. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, खरेदीखतांचे मसुदे, सगळं हाताने लिहायचे. बाटलीच्या तळाशी चमचाभर शाई उरली तरी टाकायचे नाहीत. "लागेल कधी," म्हणायचे. ती कधी लागली नाही.

डबा बघून धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, बेसिनमध्ये ओत आणि मोकळी हो." त्याचा मुलगा, माझा भाचा, लगेच आडवा आला. "आत्या, अजिबात ओतू नकोस. जुनी शाई लोक शोधत असतात. जितकी जुनी तितकी भारी." मला दोघांचंही पटलं नाही. मी एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं सहायक होते, बाटलीतलं द्रव्य न तपासता ओतायची सवय नाही आणि न तपासता वापरायचीही नाही. शाई काही कैरीचं लोणचं नव्हे, बरणीत ठेवली म्हणून मुरत नाही. पण प्रत्येक शाई म्हातारी होण्याची रीत निराळी आहे. कुठली कशी बिघडली हे ओळखता आलं, की कुठली अजून कामाची आहे तेही कळतं. महिनाभर मी त्या बाटल्या घेऊन बाल्कनीत बसले. तुमच्याही घरात असा डबा असेल तर माझी पद्धत उपयोगी पडेल.

पण आधी माझी चूक सांगते, म्हणजे बाकीचं का सांगतेय ते समजेल. डबा निघाला त्याच संध्याकाळी, ऐन जुलैत, लेबल पुसून गेलेल्या एका बाटलीतली निळी शाई मी अण्णांच्या जुन्या पेनात भरली. लिहायला सुरेख होती. डोळ्यांत पाणी वगैरे आलं. तीन आठवड्यांनी पेन अडखळायला लागलं. निब काढली तर खालच्या जिभेच्या खाचांमधून शेवाळासारखी तंतुमय बुरशी निघाली. बाटली पुन्हा उजेडात धरली तेव्हा दिसलं की शाईवर साय धरलेली आहे. दुधाची साय दुरून ओळखणारी बाई मी, शाईची ओळखली नाही.

हलवायच्या आधी बघा

जुनी बाटली हातात आली की आपण पहिल्यांदा ती हलवून बघतो. तेवढं करू नका. बाटली दोन दिवस सरळ उभी ठेवा, मग मोबाइलची टॉर्च मागून धरून न हलवता बघा. पृष्ठभाग कसा आहे, तळाशी काय साचलंय आणि काचेवर आतून रेघ कुठे आहे, या तीन गोष्टी हलवल्यावर कळत नाहीत.

रेघ म्हणजे शाई पूर्वी जिथवर होती तिथली वाळलेली कड. कधीही न उघडलेल्या बाटलीतही शाई कमी झालेली असते, कारण जुन्या झाकणांच्या आत पुठ्ठ्याची नाहीतर रबराची चकती असायची. पुठ्ठा आकसतो, रबर कडक होऊन तडकतं आणि पाणी वर्षानुवर्षं हळूहळू उडून जातं. उडतं ते मुख्यतः पाणी. रंग, क्षार आणि आम्ल आतच राहतात. म्हणून जुन्या शाईबद्दल "काय गडद आहे हो, आता अशी मिळत नाही" असं जे म्हणतात, त्यातली निम्मी शाई नुसती आटलेली असते. बासुंदी आटवावी तशी.

आटलेल्या शाईची आणखी एक खूण झाकणाच्या आट्यांवर मिळते. तिथे वाळलेली निळी शाई तांबूस-सोनेरी चमकते. ही चमक पुष्कळ रंगद्रव्यांचा घट्ट थर वाळला की येते. त्यात बिघाड काही नाही.

झाकण बहुधा अडकलेलं असतं. पक्कड लावू नका, बेकलाइटचं, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकचं, झाकण बिस्किटासारखं तुटतं. बाटली प्लास्टिकच्या डब्यात उभी करा, आंघोळीच्या पाण्याइतक्या गरम पाण्यात भिजवलेलं फडकं मिनिटभर झाकणाभोवती धरा, मग रबरी हातमोजा घालून फिरवा. नाही फिरलं तर पुन्हा फडकं. मला एका बाटलीला चार दिवस लागले. हे सगळं जुन्या वर्तमानपत्रावर करा आणि अंगात जुना गाऊन असू द्या.

उघडल्यावर वास घ्या, पण बाटलीत नाक खुपसून नाही. प्रयोगशाळेत मुलांना शिकवायचो तसं, हाताने हवा आपल्याकडे ओढून. जुन्या दवाखान्याचा किंवा कार्बोलिक साबणाचा वास आला तर घाबरू नका. बुरशी धरू नये म्हणून शाईत फिनॉल घालायचे, त्याचा तो वास. आला म्हणजे राखण अजून शाबूत आहे. मात्र फिनॉल कातडीला भाजतं, म्हणून हातमोजे काढू नका. ओल्या पायपुसण्यासारखा कुबट वास आला तर मामला वेगळा.

आता एक लाकडी टूथपिक घ्या आणि पृष्ठभागाला टेकवा. बुरशी असेल तर सायीसारखी सुरकुती पडते आणि काडीला तार येते. तळाला काडी फिरवून वर काढा. खर, म्हणजे दाणेदार साका, काडीवर वाळूसारखा दिसतो. त्यातला एक कण बशीत ठेवून त्यावर पाण्याचे दोन थेंब सोडा. विरघळून रंग सुटला तर तो आटून बसलेला रंग, बाटली वाचेल. नाही विरघळला तर बहुधा लोहाची शाई आहे, तिच्याबद्दल पुढे.

बुरशी निघाली तर ती बाटली संपली. गाळून घ्यावी, उकळावी, दोन लवंगा टाकाव्यात, हे सगळे सल्ले मला मिळाले. युरोपातल्या जुन्या घरगुती शाईच्या कृतींत लवंगा असायच्याही. पण लवंग आधी घालायची असते. एकदा धरलेल्या बुरशीचे बीजाणू गाळणीतून पार होतात आणि मग त्या पेनातून पुढच्या प्रत्येक बाटलीत जातात. ठाण्याच्या पावसाळ्यात चपला बुरशी धरतात, तिथे शाईची काय कथा. २२ पैकी चार बाटल्या मी अशा काढल्या.

निळी-काळी, म्हणजे लोहाची शाई

ही माझ्या जिवाची, म्हणून इथे जरा थांबते.

लोखंडी विळीवर आवळा चिरला की पातं आणि आवळा दोन्ही काळे पडतात. हीच ती शाई. आवळ्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि विळीतलं लोह. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, वापरून शाई करायचे, युरोपात ओकच्या झाडावरच्या गाठी, ज्यांना आपण मायफळ म्हणतो, आणि तोच हिराकस. फाउंटन पेनच्या निळ्या-काळ्या शाईत हे मिश्रण पातळ करून, जरासं आम्ल घालून भरायचे. आम्लामुळे लोह विरघळलेल्या अवस्थेत राहतं. पण ते द्रावण जवळजवळ बिनरंगी, लिहिताना दिसणार काय? म्हणून त्यात निळा रंग घालायचे. कागदावर लिहिलं की आधी निळं दिसतं, मग हवेतला ऑक्सिजन लागून लोह काळं पडतं आणि कागदाच्या तंतूंत घट्ट बसतं. पाण्याने जात नाही. अण्णा दस्ताला हीच वापरायचे. "निळी शाई पत्राला, निळी-काळी दस्ताला," हा त्यांचा नियम.

कागदावर जे घडायला हवं तेच बाटलीत घडलं की शाई म्हातारी झाली. बाटली जितकी रिकामी तितकी आत हवा जास्त, म्हणून तळाला उरलेली शाई भरलेल्या बाटलीच्या आधी जाते. लोह काळं होऊन तळाशी बसतं आणि वर राहतं फिकट निळं पाणी. बाटली हलवून एकजीव दिसली तरी फसू नका, तो गाळ पुन्हा विरघळत नाही आणि पेनाच्या जिभेत जाऊन बसतो. गाळून घेतलात तर जे टिकणार होतं तेच गाळणकागदावर राहतं.

अशी शाई जिवंत आहे का हे बघायला तीन दिवस लागतात. वरवरची शाई टाकाने कागदावर लिहा. एक दिवस खिडकीत राहू द्या. काळसर झाली का बघा. मग निम्म्या ओळीवर नळाचं पाणी सोडा. निळं वाहून गेलं आणि खाली करडी-काळी अक्षरं राहिली तर शाई जिवंत. सगळंच वाहून गेलं तर बाटलीत उरलाय तो नुसता रंग. तिसऱ्या दिवशी उरलेल्या अक्षरांवर कपडे धुवायच्या ब्लीचचा एक थेंब. नुसता रंग असेल तर अक्षर नाहीसं होतं, लोह असेल तर गंजासारखा पिवळट-तपकिरी माग राहतो. हे कागदावर, खिडकीशी, थेंबानेच करा. ब्लीच शाईच्या बाटलीत किंवा पेनात कधीही नाही. आम्लात किंवा अमोनियात ब्लीच मिसळलं की विषारी वायू सुटतो, ही गोष्ट मी ३१ वर्षं मुलांना ओरडून सांगितली आहे.

लेबलवर ब्लू-ब्लॅक छापलंय म्हणून आत लोह असेलच असं नाही. पेलिकनच्या ४००१ मालिकेतली निळी-काळी लोहाची, पण पार्कर क्विंकची ब्लू-ब्लॅक निव्वळ रंगांची. म्हणून थेंबाची परीक्षा, लेबलची नाही.

माझ्याकडे निळ्या-काळ्या चार निघाल्या. तिघींच्या तळाशी काळा चिखल, वर पाणी. चौथीचं झाकण उघडलेलंच नव्हतं. शाई खांद्यापर्यंत होती आणि टॉर्चमध्ये तळ स्वच्छ दिसत होता. ती मी उघडली नाही. उघडली की तिचे दिवस मोजायला सुरुवात होणार.

साध्या रंगांच्या शाया

रॉयल ब्लू, म्हणजे शाळेतली धुता येणारी निळी, सगळ्यात गरीब. ती बिघडते दोन कारणांनी, उजेड आणि अल्कली. ओळखायची असेल तर लिहिलेल्या ओळीवर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब सोडा, निळा रंग डोळ्यांदेखत उडतो. घोडबंदर रोडला राहणाऱ्या मैत्रिणीकडे टँकरचं पाणी येतं, तिने त्या पाण्याने शाई पातळ केली आणि आठवड्यात ती राखाडी झाली. पाणी खारं आणि अल्कलीचं असणार. शाईत नळाचंही पाणी घालू नये, त्यात क्लोरीन असतं. डिस्टिल्ड वॉटरच घाला. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी चालतं, कुठल्याही बॅटरीवाल्याकडे मिळतं. फक्त मागताना "पाणी" म्हणा आणि बाटलीवरचं वाचून घ्या, त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही असतं.

पाणी घालायचं ते काचेवरच्या जुन्या रेघेपर्यंत, पण एकदम नाही. एका वेळी पाच थेंब, रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी टाकाने लिहून बघायचं. पसरायला लागली की थांबायचं. पूर्ण रेघेपर्यंत क्वचितच जावं लागतं. अशा सहा शाया मी परत आणल्या. त्यांत दोन कॅमलच्या, एक सुलेखाची आणि एक क्विंकची. लेबलं बघून मला उगीच इतिहासाचा उमाळा आला. दांडेकर बंधूंनी मुंबईत १९३१ साली हॉर्स ब्रँड या नावाने शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली, कॅमल शाई त्यानंतरची. सुलेखा १९३४ ची, स्वदेशीच्या चळवळीतून बंगालात निघालेली. आणि पार्करची क्विंक अमेरिकेत १९३१ सालीच बाजारात आली. बिस्किटाच्या एका डब्यात या तिघी शेजारी शेजारी पन्नासेक वर्षं बसल्या होत्या, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या असल्यामुळे उजेडापासून वाचल्या होत्या. अण्णांनी ते मुद्दाम केलं की बाटल्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून, कोण जाणे.

उजेडाने काय होतं ते लाल शाईने दाखवलं. ती एकटीच डब्याबाहेर, खिडकीवरच्या फळीवर राहिली होती. लाल शाईत पुष्कळदा इओसिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि इओसिन उजेडाचं वैरी. बाटलीत आता कोकमाच्या सरबताइतका रंग उरलाय. तिला काही उपाय नाही. इओसिनची आणखी एक खोड अशी की आम्लात ते विरघळलेलं राहत नाही, खाली बसतं. म्हणजे उरलेली लाल आणि उरलेली निळी-काळी एकत्र करून छान जांभळी होईल असं वाटत असेल तर होईल फक्त रबडी. जुन्या शाया एकमेकींत मिसळूच नका. एक आम्लाची, एक अल्कलीची, आणि कोणाच्या पोटात काय आहे ते लेबल सांगत नाही.

काळी शाई म्हातारपणी हिरवट किंवा तपकिरी दिसायला लागते. ती बहुधा दोन-तीन रंगांची मिसळ असते आणि त्यातला एखादा आधी जातो. कुठला गेला ते बघायची गंमत घरी करता येते. गाळणकागदाची, नसेल तर टीपकागदाची, बोटभर रुंद पट्टी कापा. तळापासून दोन सेंटिमीटरवर शाईचा एक थेंब वाळवा. पट्टी पेल्यात अशी लटकवा की टोक पाण्यात बुडेल पण थेंब बुडणार नाही. दहा मिनिटांत पाणी चढतं आणि रंग एकमेकांपासून सुटतात. शेजारी नव्या काळ्या शाईची पट्टी लावा. नवीत जो पट्टा दिसतो आणि जुनीत पुसट आहे, तो रंग गेला. भाच्याला हे इतकं आवडलं की त्याने स्वयंपाकघरातल्या खायच्या रंगांच्याही पट्ट्या केल्या.

पेनात घालण्याआधी पीएच कागद लावाच, शाई आम्लाची की अल्कलीची ते तो आकड्यात सांगतो: ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात त्याची पुस्तिका मिळते. शाईत थेट बुडवला तर कागद शाईचाच रंग घेतो. युक्ती अशी: टीपकागदावर शाईचा मोठा थेंब टाका, त्याच्या कडेने जी फिकट ओली किनार पसरते तिला पीएच कागद टेकवा. लोहाची शाई २ च्या आसपास दाखवते. साधी शाई ४ ते ९ मध्ये कुठेही असली तरी मी चालवून घेते. त्याच्या वर गेली तर सावध. पार्करने १९४७ साली सुपरक्रोम नावाची शाई काढली होती, झटपट वाळणारी आणि भलतीच अल्कलीची. ती ५१ या पेनासाठीच होती आणि बाटलीवर तसं बजावलेलं असायचं. कुणा आजोबांच्या कपाटात ती सापडली तर शोकेसमध्ये ठेवा. पेनाच्या आतले पडदे आणि रबर ती खाते.

आणि जिला शाई समजता ती शाई आहे का, हेही बघा. आमच्या डब्यात एक चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई होती आणि एक शिक्क्याच्या पॅडची जांभळी. चित्रकलेच्या अशा शाईत काजळी आणि लाखेसारखा बांधक असतो, पेनात वाळली की पेन गेलं. काचेवर थेंब वाळवून वर पाणी टाका. चकचकीत राहिला, हलला नाही, तर ती पेनाची नाही. शिक्क्याची उलट, दोन दिवस झाले तरी बोटाला लागते, कारण तिच्यात ग्लिसरीन असतं.

पाच बाटल्यांत नुसती ढेप उरली होती. रंगाच्या शाईची ढेप डिस्टिल्ड पाण्यात उतरते. मी एकीची ढेप फोडून शेंगदाण्याएवढा तुकडा अर्धी वाटी पाण्यात विरघळवला, आणि निळी शाई झालीसुद्धा. पण बुरशीला अडवणारं द्रव्य तोवर उडून गेलेलं असतं. म्हणून लागेल तेवढीच करा, आठवड्यात संपवा आणि टाकानेच लिहा. डब्यात शाईच्या वड्यांची एक कागदी पुडीही होती. अण्णांच्या शाळेत वर्गातल्या दौती याच वड्यांनी भरायचे. वडी कोरडी राहिली तर टिकते, पण कोकणच्या हवेने या दगड झाल्या होत्या. खलबत्त्यात कुटून पाण्यात टाकल्या. तो खलबत्ता आता स्वयंपाकाला नाही.

कशाने लिहायचं

परत आणलेली शाई पहिल्यांदा टाकाने वापरा. टाकाची निब बिघडली तरी ती काही रुपयांची, आणि पुसली की साफ. महिनाभर टाकाने लिहिताना काही विचित्र दिसलं नाही तर पेन. तेही ड्रॉपरने भरायचं, पारदर्शक नळीचं, स्वस्त भारतीय पेन. आत काय चाललंय ते दिसतं आणि रबरी नळी नसते. आठवड्याने रिकामं करून धुवायचं. वडिलांचं, सासऱ्यांचं, लग्नात मिळालेलं, सेल्युलॉइडचं, असलं कुठलंच पेन जुन्या शाईला द्यायचं नाही. त्या पेनांना आजची ताजी रॉयल ब्लू द्या.

अण्णांचं पेन मी सोडवलं ते असं: निब आणि जीभ बाहेर काढली, साध्या पाण्यात रात्रभर ठेवली, मग दहा भाग पाण्यात एक भाग घरगुती अमोनिया आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, त्यात अर्धा तास. जिभेच्या खाचा मऊ टूथब्रशने. मग पाणी, पाणी, पाणी. गरम पाणी वापरलं नाही, कारण जीभ एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, आणि एबोनाइट गरम पाण्यात रंग बदलतं, वाकतंही. पेन लिहितं आता. पण त्याच्या टोपणात नाक घातलं की कुबट वास अजून येतो, निदान मला येतो.

टाकायच्या शाया बेसिनमध्ये ओतू नका. बेसिनचे डाग निघत नाहीत आणि आपल्या ठाण्याच्या नाल्यांतून शेवटी सगळं खाडीतच जातं. डब्यात लाकडाचा भुसा किंवा फाडलेली वर्तमानपत्रं भरून त्यात जिरवा, सुकली की सुक्या कचऱ्यात. बाटल्या मी ठेवल्या. जुन्या काचेला एक जाडी असते ती आता दिसत नाही.

ज्या ठेवायच्या त्यांना झाकणाच्या आत पुठ्ठ्याऐवजी जाड प्लास्टिकची गोल चकती कापून घातली आणि शाईच्या पातळीवर बाहेरून मार्करने आजची रेघ मारून तारीख लिहिली. पुढच्या वर्षी किती उडाली ते कळेल. स्टीलच्या कपाटात, खालच्या खणात, अंधारात. जून ते सप्टेंबर शक्यतो उघडायच्या नाहीत.

सामान हलवायच्या दिवशी परत आणलेल्या सहा (निळ्या, काळ्या, हिरव्या) आणि ती एक न उघडलेली निळी-काळी, अशा सात बाटल्या मी टेम्पोत दिल्या नाहीत. पिशवी मांडीवर घेऊन रिक्षाने कोलशेतला गेले. माजिवड्याच्या खड्ड्यांत रिक्षा दोनदा उडाली. नव्या घरी उतरले तेव्हा साडीवर, गुडघ्याजवळ, रुपयाएवढा निळा डाग. एकच बाटली पाझरली होती, न उघडलेली. संध्याकाळच्या गडबडीत साडी तशीच बादलीवर टाकली. सकाळी बघितलं तर डाग काळा झाला होता. पाण्याखाली धरला, चोळला, हलला नाही.

असा डाग लिंबू-मिठाने निघतो. अजून लावलेलं नाही.